सांगून केलेली तपासणी

माझं पांढुर्ण्याला स्टेशनच्या रस्त्यावर ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. जिल्हा नवा झाल्यापासून धंदा बरा चाललाय, कारण लोकांना आपण कुठे राहतो हे नव्याने सिद्ध करावं लागतं. घर तेच, दार तेच, शेजारीही दुर्दैवाने तेच. फक्त जिल्ह्याच्या रकान्यात छिंदवाड्याऐवजी पांढुर्णा आलं पाहिजे. एवढ्यासाठी माणसं तिगाववरून येतात, बाकावर बसतात आणि जिल्हा मीच तोडला असल्यासारखं माझ्याकडे पाहतात. मला राग लवकर येतो. तो चेहऱ्यावर दिसतो म्हणे, पण आसपास नेट माझ्याकडेच बरं चालतं म्हणून गिऱ्हाईक चालवून घेतं.

सौसरला माझी मोठी बहीण राहते, आणि बाबा तिच्याजवळ राहतात. ताई गणित शिकवते. आमच्याकडच्या मुलींची अडचण अशी की पुस्तक हिंदीत, शाळा हिंदीत आणि घरी बोलणं वऱ्हाडी. 'समीकरण को हल कीजिए' म्हटलं की पोरगी आधी ते वाक्य सोडवत बसते, समीकरण राहूनच जातं. ताई खाजगी शाळेत होती तेव्हा सरळ आपल्या बोलीत सांगायची, "हे पाह्य, इकडून पाच उचलले तं तिकडून बी पाच उचला लागते. नाईतर भांडण होते दोघांत." मुलींना ते समजायचं. शाळेला मात्र वर्गात हिंदीच हवी होती. शाळेने आपलं खरं केलं, ताईने आपलं खरं केलं, आणि ताई घरी बसली.

मग तिने ठरवलं की रामाकोना आणि भोवतालच्या गावांतल्या दहावीच्या मुलींना संध्याकाळी मोबाईलवरून शिकवायचं. त्या मुलींना शिकवणीसाठी सौसरला थांबता येत नाही. परतीची गाडी चुकली तर घरी जे ऐकावं लागतं ते गणितापेक्षा अवघड असतं. आधी एक फुकटचं ॲप वापरून पाहिलं, पण ते भर वर्गात सगळ्यांना बाहेर काढायचं. तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, आपण स्वतःचा सर्व्हर घेऊ.

स्वतःचा म्हणजे भाड्याचा. मुंबईत कुठेतरी एका कंपनीचं मोठं मशीन असतं. त्याच्या आत नुसत्या हिशेबाच्या भिंती घालून पुष्कळ भाडेकरू बसवलेले असतात, आणि प्रत्येकाला सांगितलेलं असतं की हे अख्खं घर तुमचंच. अशा एका खोलीला आभासी सर्व्हर म्हणतात. ताईचं चित्र आणि आवाज सौसरहून त्या खोलीत जायचा आणि तिथून एकेका मुलीच्या फोनवर वाटला जायचा. जाहिरातीत लिहिलं होतं की खोलीला एक गिगाबिट वेगाची लाईन आहे. म्हणजे ताईसारख्या डझनभर ताया एकाच वेळी शिकवायला बसल्या तरी पुरून उरेल. आमच्याकडे एकच होती, त्यामुळे मी निश्चिंत होतो.

सुरुवातीचे काही आठवडे झकास गेले. ताईच्या खोलीत फळा लागला, फळ्यावर दिवा लागला, आणि ताई रोज साडेसहाला धुतलेली साडी नेसून मोबाईलसमोर उभी राहू लागली. बाबा त्या वेळात विहारात जाऊन बसायचे, कारण घरात खोकायची बंदी होती.

मग मुली गळायला लागल्या. आज एक, परवा दुसरी. ताईने फोन केला की कोणी म्हणायची घरी पाहुणे आहेत, कोणी म्हणायची कापूस वेचायला जावं लागते. ज्या राहिल्या त्या कॅमेरा बंद ठेवून बसायच्या. ताई विचारायची, समजलं का, तर जरा थांबून "हो मॅडम" यायचं. तो थांबण्याचा वेळ ताईला खुपायचा. तिच्या स्वतःच्या स्क्रीनवर तिला तिचा चेहरा छान हलताना दिसत होता, कारण तो मुंबईला जाऊन येतच नव्हता, समोरच्या कॅमेऱ्यातून थेट दिसायचा. तेव्हा तिने अर्थ काढला की मी व्यवस्थित दिसते, व्यवस्थित ऐकू येते, आणि तरी पोरी जाऊन राहिल्या, तर मला शिकवणंच जमत नसलं पाहिजे.

त्याच सुमारास नागपूरच्या एका शाळेने तिला बोलावलं. पगारी नोकरी, राहायला खोली, बाबांनाही आणा म्हणाले. महिनाअखेरीपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. ताईला जायचं नव्हतं. सौसर सोडायचं तिच्या जिवावर आलं होतं आणि बाबांना तर विहारापलीकडे जग नको होतं. पण जो वर्ग आपल्यामुळे बुडतोय तो ओढत बसण्यात अर्थ नाही, असं तिच्या मनाने घेतलं.

एक दिवस माझ्या दुकानात रामाकोन्याचा एक पालक जातीच्या दाखल्यासाठी आला होता. तो सहज म्हणाला, "मॅडम चांगलं शिकवते म्हणते पोरगी. चित्र अटकते जरासं, पण तो आमचाच फोन खटारा आहे." मी त्याचा दाखला तसाच ठेवला आणि ताईला फोन लावला. म्हटलं, तुझ्यात काही खोट नाही, खोट सर्व्हरमध्ये आहे.

"नाचता येईना अंगण वाकडं," ताई म्हणाली. "मले शिकवता नाई येत तं आता मी सर्व्हरले नावं ठेवू का?"

"तपासून पाहू," मी म्हटलं. "जाहिरातीत लिहिलेला वेग तो देते का नाही, एवढंच पाहू. नाही देत असला तर तू नागपूरले नाही म्हण. देत असला तर जा."

ती बरं म्हणाली. आता तिचं जाणं न जाणं त्या चाचणीवर येऊन थांबलं.

मी सौसरला गेलो तेव्हा बाबा मध्ये पडले. बाबा वजनमापाच्या खात्यात शिपाई होते. दरवर्षी काटे आणि वजनं तपासून त्यांवर शिक्का मारायचं शिबिर लागायचं, आणि त्याच्या आदल्या दिवशी बाजारात मुनादी, म्हणजे दवंडी, व्हायची, की उद्या सगळ्यांनी आपापले काटे घेऊन हजर राहावं. बाबांनी नोकरीभर पितळी वजनांची पेटी उचलली, पण मुनादी झाल्याशिवाय कधीच उचलली नाही. त्यांच्या लेखी तपासणीचे दोनच प्रकार आहेत, एक सांगून केलेली आणि दुसरी असभ्य.

"त्यायले कळवलं का तू?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "बाबा, यात कळवायचं काही नसते. आपण भाडं भरतो, आपली खोली आहे, आपण केव्हाही पाहू."

"कोणाच्या दुकानात असं घुसत नाईत बाप्पा. सांगा लागते. समोरच्याची बी इज्जत असते."

मला राग आला, पण खरं सांगायचं तर मला त्यात काही चूकही वाटलं नाही. आमच्याकडे दुसऱ्याच्या बगीच्यातून नुसतं पलीकडे जायचं असलं तरी माणूस बांधावर उभा राहून आधी आवाज देतो. संत्री तोडायला आलेलो नाही, हे समोरच्याला कळावं म्हणून. त्या आवाजाची इतकी सवय आहे की तो न देता पुढे गेलं तर स्वतःलाच चोरासारखं वाटतं.

तेव्हा बाबांनी मजकूर सांगितला आणि मी लिहिला. तो अर्थात हिंदीत, कारण बाबा घरी मराठी बोलतात पण अर्ज हिंदीतच करतात. 'महोदय, आपको सूचित किया जाता है' पासून सुरुवात होती. येत्या बुधवारी सायंकाळी साडेसहा वाजता आम्ही आपल्या सर्व्हरच्या वेगाचं परीक्षण करणार आहोत, तरी आपल्याला काही हरकत असल्यास कळवावं. खाली 'भवदीय'. कंपनीचं उत्तर आलं की आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे आणि चाचणीसाठी शुभेच्छा. बाबांना ते उत्तर फार आवडलं. हल्लीच्या पोरांपेक्षा ही माणसं बरी बोलतात, असं ते माझ्याकडे पाहून म्हणाले.

बुधवारी मी दुकान लवकर बंद करून लॅपटॉप घेऊन सौसरला गेलो. ताईने मुलींना वर्ग नसल्याचं कळवून ठेवलं होतं, कारण चाचणी चालू असताना लाईन मोकळी पाहिजे. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि लॅपटॉपसमोर खुर्ची ओढून ते बसले होते.

चाचणीत मी हलगर्जी केली नाही. घरच्या नेटवरून सर्व्हरचा वेग पाहण्यात अर्थ नसतो, त्यातून फक्त घरचं नेट कळतं. कंपनीने स्वतःची एक फाईल ठेवली होती, ती उतरवून वेग पाहा म्हणून. ती त्यांच्याच इमारतीत बाजूच्या मशीनवर होती. शेजारणीकडून वाटीभर साखर आणायला किती वेळ लागला यावरून बाजार किती लांब आहे ते कळत नाही. म्हणून मी दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्याच कंपनीचा सर्व्हर त्या दिवसापुरता भाड्याने घेतला आणि दोघांमध्ये नुसता माल वाहून पाहिला. इकडून तिकडे, तिकडून इकडे, एका धारेने, मग अनेक धारांनी. आकडे पडद्यावर येत गेले. जाहिरातीत लिहिला होता तेवढाच वेग होता. क्षणभरसुद्धा खाली आला नाही.

"पास," बाबा म्हणाले. पेटी जवळ असती तर त्यांनी लॅपटॉपवर शिक्का मारला असता.

ताई चहा घेऊन आली होती. तिने कप खाली ठेवले आणि म्हणाली, "मंग मीच." एवढंच. मी काहीतरी बोलायला लागलो, मुलींचे फोन, गावातले टॉवर, तर ती म्हणाली, "राहू दे न आता. तपासलं न तू?" मी तपासलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नागपूरला फोन करून येते म्हणून सांगितलं. ज्या थोड्या मुली उरल्या होत्या त्यांचा शेवटचा वर्ग घेतला आणि फळा काढून भिंतीला टेकवून ठेवला.

मला फार वाईट वाटलं. रागावण्यासारखं कोणी सापडत नव्हतं, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

सर्व्हर सोडून द्यायचा म्हणून त्यावरच्या ताईच्या वर्गांच्या चित्रफिती आधी दुसरीकडे हलवाव्या, असं मी ठरवलं. कोणासाठी ते ठाऊक नव्हतं. एका संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक कमी होतं तेव्हा तो परगावचा सर्व्हर परत भाड्याने घेतला आणि नक्कल करायला लावली. सहज घड्याळात पाहिलं तर साडेसहा वाजून गेले होते, म्हणजे ताईच्या वर्गाची वेळ. नक्कल मुंगीच्या पावलाने चालली होती. एका बाईचा उत्पन्नाचा दाखला भरून झाला, तिने त्यातल्या चुका सांगितल्या, त्या दुरुस्त झाल्या, तरी पहिली चित्रफीत जागच्या जागीच.

मी बुधवारचीच चाचणी जशीच्या तशी पुन्हा लावली. तीच दोन मशीनं, तेच आदेश. फरक एवढाच की या वेळी कोणाला सांगितलं नव्हतं. वेग जाहिरातीच्या शंभराव्या हिश्श्याच्याही आसपास जात नव्हता. दुसऱ्या संध्याकाळी पाहिलं, तिसऱ्या संध्याकाळी पाहिलं, तीच रड. सकाळी जरा बरा असायचा. संध्याकाळी बाकीचे भाडेकरू घरी परतले की आमच्या वाट्याला ठिबकच्या शेवटच्या नळीइतकं उरायचं.

मग मी सर्व्हरच्या जुन्या नोंदी उघडल्या. बुधवारच्या आदल्या रात्री आमची खोली बंद होऊन पुन्हा सुरू झाली होती, आणि गुरुवारी पहाटे पुन्हा एकदा. बुधवारपुरता आतला प्रोसेसरसुद्धा वेगळा दिसत होता. म्हणजे त्या दिवसासाठी आम्हाला उचलून रिकाम्या मशीनमध्ये नेऊन बसवलं होतं, आणि शिक्का मारून झाल्यावर परत गर्दीत आणून टाकलं होतं.

कंपनीला लिहिलं, या वेळी बाबांना न विचारता. शब्द बरे वापरले नाहीत. उत्तर मात्र तितकंच गोड आलं. आपण वेळेवर सूचना दिल्यामुळे आम्ही चाचणीसाठी योग्य ती व्यवस्था करू शकलो, पुढच्या चाचणीच्या वेळीही कृपया आगाऊ कळवावे. ते वाचून मी दुकानात एकटाच हसलो, आणि मग इतका संतापलो की शटर ओढून घेतलं.

आधी दुसऱ्या एका कंपनीचा सर्व्हर घेतला आणि कोणालाही न कळवता रोज संध्याकाळी तपासून पाहिला. तो टिकला. मग सौसरला गेलो. ताईला नागपूरला निघायला अजून थोडे दिवस होते.

बाबांना कंपनीचं ते इंग्रजी उत्तर मी हिंदीत करून वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. "वजन लपवणारे दुकानदार बी पाह्यले म्या," ते म्हणाले, "पण त्यायले विचारलं तं खाली पाहून बोलत. हे तं धन्यवाद देऊन राहिले." त्यांच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना. त्यांच्यावर चिडायचं असं ठरवून मी आलो होतो, ते तसंच राहिलं.

ताईला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे माह्यं चित्र जातच नव्हतं?"

"जात होतं. मधून मधून तुटत होतं."

"कोणती पायरी जात होती अन् कोणती नाई?"

"ते आता कसं सांगता येईल?"

ती पलंगावर बसली. गणितात एक पायरी दिसली नाही की पुढचं सगळं जादूचे प्रयोग वाटतात, हे मला तिनेच लहानपणी कान पिळून शिकवलं होतं. मग तिने विचारलं, "दुसरा सर्व्हर लागायले किती दिवस लागते?" मी म्हटलं, लागलेला आहे. तिने फोन घेतला आणि सोडून गेलेल्या मुलींना एकेक करून लावायला सुरुवात केली. नागपूरचं मी काही विचारलं नाही.

पहिलीने उचलला नाही. दुसरीची आई म्हणाली ती वावरात आहे. तिसरी रामाकोन्याची, सगळ्यांत आधी वर्ग सोडणारी. ताईने स्पीकर लावला होता.

"काहून व, वर्गात चित्र अटकत होतं का तुह्याकडे?"

"हो मॅडम. आमचा फोनच तसा आहे."

"फोन नाई. बिघाड आमच्याकडचा होता. मधल्या पायऱ्या तुले दिसतच नव्हत्या."

मग ताईने विचारलं, "शाळेत जाते न तू? दहावीचा अभ्यास चालू आहे न?"

"नाई मॅडम. सोडली शाळा. परीक्षेले नाई बसत म्हणून घरी सांगून देलं. मले वाटलं गणित माह्या डोक्यातच नाई जात. सगळ्या पोरी हो म्हणत, अन् मले काईच नाई समजे, तं मी बी हो म्हणो."

ताईने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. बाबा खुर्चीतून उठले होते, ते तसेच उभे राहिले.

"मॅडम," मुलगी म्हणाली, "म्हणजे मी ढ नव्हती?"

"नाई," ताई म्हणाली. "तू बी नव्हती, अन् मी बी नव्हती. सोमवारी साडेसहाले बस समोर, पहिल्या धड्यापासून घेऊ."